छपरावरची वीज: जमा कुठल्या खात्यात?

वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली आणि पुढे तिच्या स्थानकांच्या छपरांवर सोलर पॅनेल बसली. आता यारी रोड, सात बंगला भागातील सोसायट्या, दुकानदार व छोटे कारखानदारही आपल्या गच्चीकडे त्याच नजरेने पाहू लागले आहेत. वीज महाग आणि ऊन फुकट, तेव्हा विचार योग्यच आहे. परंतु पॅनेल विकणारा दारात येऊन सांगतो, "शेठ, तुमची इमारत शून्यावर आणून देतो," तेव्हा हा शून्य कोणत्या हिशेबातला, असे विचारणारे थोडेच भेटतात. विषय इंजिनियर लोकांचा वाटेल. मुळात तो जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च आपल्या व्यापारी बंधूंना कोणी नव्याने शिकवायला नको.

समजा, एका दुकानदाराची दिवसाची विक्री पाच हजार झाली व खर्च साडेचार हजार झाला. त्याने वहीत फक्त "पाचशे" एवढेच लिहिले, तर वर्षअखेरीस त्याला काय कळणार? विक्री घटली की खर्च वाढला, माल चोरीला गेला की भाव पडला, काहीच समजणार नाही. म्हणूनच जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला लिहिण्याची रीत पडली. सौर विजेच्या बाबतीत मात्र भलेभले लोक ही रीत विसरतात. इमारतीने किती वीज खाल्ली आणि छपराने किती वीज दिली, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या आधीच एकमेकींतून वजा केल्या, तर इमारत सुधारली की नुसती झाकली गेली, हे कळत नाही.

निर्देशांक म्हणजे काय?

इमारत वीज किती खाते, हे मोजण्याची साधी रीत अशी: वर्षभराच्या विजेची युनिटे घ्या आणि त्यांना बांधीव क्षेत्राच्या चौरस मीटरने भागा. जो आकडा येतो त्याला ऊर्जा कार्यक्षमता निर्देशांक म्हणतात. जाणकार त्याला ईपीआय म्हणतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला, त्याखाली २००२ साली ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी म्हणजे बीईई ही केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली आणि तिने २००७ साली मोठ्या व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आणली. २००९ साली कार्यालयीन इमारतींना, फ्रीज आणि एसीप्रमाणेच, एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू झाली. या सर्वांच्या मुळाशी हाच निर्देशांक आहे. तो जितका कमी, तितकी इमारत चांगली.

यात बहुतेक गोष्टी १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या इमारतींना लागू होतात. आपल्या गाळ्याला किंवा कारखान्याला त्याची सक्ती नाही. तरी हा हिशेब समजून घेणे गरजेचे आहे. कारण जागा भाड्याने घेणारी बँक किंवा कंपनी आता हा आकडा विचारते, पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डर तो सांगतो आणि सोलर विकणारा तर त्याच्याच जोरावर माल खपवतो.

एका दुकानाचा हिशेब

एक कल्पित उदाहरण घेऊ. खाली कापडाचे दुकान, वर शिलाईचा कारखाना, एकूण जागा १०० चौरस मीटर. वर्षाचा वापर १५,००० युनिट. म्हणजे निर्देशांक १५०. मालकाने छपरावर ५ किलोवॅटची पॅनेल बसवली. मुंबईच्या हवेत एका किलोवॅटमागे वर्षाला ढोबळमानाने १,४०० युनिट मिळतात, म्हणजे ५ किलोवॅटचे ७,००० युनिट झाले.

या ७,००० पैकी ५,००० युनिट उन्हाच्या वेळीच मशिनी, पंखे आणि एसीने वापरली. उरलेली २,००० रविवारी व सणासुदीला, दुकान बंद असताना, वीज कंपनीच्या तारेत गेली. रात्री आणि ढगाळ दिवसांत १०,००० युनिट कंपनीकडून घ्यावी लागली. नेट मीटरिंगच्या बिलात १०,००० मधून २,००० वजा होऊन ८,००० युनिटांचे पैसे लागले.

आता या एकाच दुकानाचे तीन निर्देशांक निघतात. सगळा वापर धरला तर १५०. बाहेरून घेतलेली वीज धरली तर १००. बिलातली निव्वळ युनिटे धरली तर ८०. तिन्ही आकडे खरे आहेत, पण ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. दुकान किती वीज खाते, याचे उत्तर १५०. बाहेरच्या विजेवर किती अवलंबून आहे, याचे उत्तर १००. पैसे किती युनिटांचे द्यायचे, याचे उत्तर ८०. विकणारा ८० दाखवून "तुमचे दुकान निम्म्या विजेवर चालू लागले" असे म्हणेल, तर ते खोटे आहे. दुकान पूर्वीइतकीच वीज खाते.

दुहेरी वजावट

याच ठिकाणी एक चूक वारंवार होते. कंपनीच्या बिलावर घेतलेली युनिटे १०,००० दिसतात. इन्व्हर्टरच्या मीटरवर निर्मिती ७,००० दिसते. मग मालक किंवा त्याचा सल्लागार १०,००० मधून ७,००० वजा करून ३,००० काढतो आणि निर्देशांक ३० सांगतो. ही सरळ मापातली खोट आहे. कारण सात हजारांतली पाच हजार युनिटे दुकानात थेट वापरली गेली, ती कंपनीच्या मीटरमधून आलीच नाहीत. जी बिलात कधी चढलीच नाहीत, ती बिलातून पुन्हा वजा कशी करणार?

खरा वापर काढण्याची रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे: सौर निर्मिती, त्यातून बाहेर गेलेली वीज वजा, अधिक बाहेरून आलेली वीज. वरच्या उदाहरणात ७,००० मधून २,००० गेली, उरली ५,०००. त्यात १०,००० मिळवली की १५,०००. हिशेब जुळला. यासाठी दोन मीटर वाचावे लागतात. एक कंपनीचा दुहेरी मीटर, जो आलेली व गेलेली युनिटे वेगवेगळी दाखवतो, आणि दुसरा निर्मितीचा. नुसत्या बिलावरून हा हिशेब होत नाही.

सरकारी मोजमाप कोणते धरते?

बीईईच्या २००९ च्या तारांकन योजनेत विकत घेतलेली आणि जनित्रावर तयार केलेली वीज मोजली जाते. जागेवर तयार झालेली सौर वीज त्यात धरली जात नाही. हेतू चांगला होता, लोकांनी सौर ऊर्जेकडे वळावे हा. पण परिणाम असा की, जुने पंखे, गळका एसी आणि तापणारे छप्पर तसेच ठेवूनही पॅनेलच्या बळावर तारे वाढू शकतात. पुढे बीईईने 'शून्य' नावाचा वेगळा दर्जा आणला. वर्षाचा निव्वळ निर्देशांक १० पर्यंत असेल तर 'शून्य' आणि निर्मिती वापरापेक्षा जास्त असेल तर 'शून्य प्लस'. इथे निदान नावातच कळते की हा निव्वळ आकडा आहे.

२०१७ च्या संहितेत आणखी एक उपयोगी तरतूद आली. नव्या मोठ्या इमारतीने छपराचा किमान चौथा हिस्सा, किंवा मागणीच्या एक टक्का वीज मिळेल एवढी जागा, यांतील जे कमी असेल ते, सौर निर्मितीसाठी सावलीविना मोकळे ठेवायचे. वर्सोव्यात जुन्या चार मजली इमारतीशेजारी वीस मजली टॉवर उभा राहतो, तेव्हा त्या सावलीची किंमत किती, हे शेजारच्या गच्चीवाल्यालाच कळते.

दोन्ही खाती नीट सांभाळण्याचा चांगला नमुना दिल्लीत आहे. जोरबाग येथील इंदिरा पर्यावरण भवन, म्हणजे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची इमारत, फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्या छपरावर ९३० किलोवॅटची पॅनेल आहेत आणि वर्षाला सुमारे १४ लाख युनिटांची निर्मिती ठरवलेली होती. पण त्याआधी इमारतीचा स्वतःचा वापर, भिंती, खिडक्या, उजेड आणि थंडाव्याची योजना सुधारून, चौरस मीटरला सुमारे ४४ युनिटांपर्यंत खाली आणण्याचे नियोजन झाले. आधी खर्चाची बाजू आवरली, मग जमेची उभी केली. त्यामुळेच शून्य गाठण्याचा विचार तरी करता आला. तेवढी पॅनेल मावण्यासाठी सुद्धा छप्पर इमारतीच्या कडेबाहेर पसरावे लागले.

मजले वाढले, छप्पर तेवढेच

छपराचा हा प्रश्न मुंबईत फार महत्त्वाचा आहे. एक किलोवॅटला ढोबळ शंभर चौरस फूट, म्हणजे सुमारे १० चौरस मीटर, मोकळी जागा लागते. समजा, वर्सोव्यात सात मजल्यांची इमारत आहे, प्रत्येक मजला ३०० चौरस मीटरचा. गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, येण्याजाण्याची वाट सोडून निम्मी जागा मिळाली, तर १५ किलोवॅट बसतील आणि वर्षाला २१,००० युनिट मिळतील. ही वीज २,१०० चौरस मीटरवर वाटली की चौरस मीटरला १० युनिट. इमारतीचा वापर ६० असेल, तर निव्वळ आकडा ५०.

आता तेवढ्याच छपराचे एकमजली गोदाम घ्या. त्याचाही वापर चौरस मीटरला ६० आहे. तेवढीच पॅनेल, तेवढीच २१,००० युनिटे, पण ती ३०० चौरस मीटरवर वाटायची, म्हणजे ७०. निव्वळ आकडा शून्याच्याही खाली दहा! दोन्ही जागांची काटकसर अगदी सारखी आहे, फरक फक्त मजल्यांचा. तेव्हा निव्वळ निर्देशांकावरून गोदामवाला शहाणा आणि सात मजलेवाला उधळ्या, असे ठरवणे अन्यायाचे आहे. उंच इमारतीला खरा आधार वापर कमी करण्याचाच असतो. तिचे छप्पर तिला कधी पुरे पडत नाही.

कॉमन मीटरचा शून्य

बऱ्याच सोसायट्यांत पॅनेल कॉमन मीटरला जोडतात. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालतात. वरच्या सात मजली इमारतीचा कॉमन वापर वर्षाला १८,००० युनिट धरला, तर २१,००० युनिटांत तो पुरा भागतो. सोसायटी बोर्ड लावते, "आमची इमारत शून्य ऊर्जेची." पण घरे आणि दुकाने धरून इमारतीचा एकूण वापर १,२६,००० आहे. त्यातला सहावा हिस्साच छपराने दिला. लिफ्ट शून्यावर आली, इमारत आली नाही.

तळमजल्यावरच्या दुकानदारांनी हे आधीच विचारून घ्यावे. वर्गणी सगळ्यांची आणि वीज कॉमन मीटरला असेल, तर दुकानाच्या बिलात एक पैसाही कमी होणार नाही. फायदा देखभाल खर्चात दिसायला हवा, आणि तो दिसतो की नाही हे सर्वसाधारण सभेत विचारण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. पंतप्रधान सूर्यघर योजना २०२४ साली आली. त्या वेळच्या निकषांप्रमाणे घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० व तिसऱ्याला १८,००० मिळून ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, तर सोसायटीच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटला १८,००० रुपये ठरले. ही योजना राहत्या घरांची आहे. दुकानाच्या व्यापारी जोडणीला हे अनुदान लागू नाही.

बाराही महिने सारखे नसतात

वर्षाचा आकडा आणखी एक गोष्ट लपवतो. मुंबईत फेब्रुवारी ते मे पॅनेल भरपूर देतात, जुलै-ऑगस्टमध्ये निर्मिती निम्म्याच्या जवळ येते. जर्मनीने २००९ च्या ऊर्जा नियमांत यावर तोडगा काढला: सौर वीज इमारतीच्या खात्यात धरायची ती महिन्यामहिन्याने, त्या महिन्याच्या गरजेपुरतीच. उन्हाळ्यातली जादा वीज हिवाळ्याच्या खात्यात टाकता येत नव्हती.

आपल्याकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या आणि नंतरच्या २०१९ च्या नियमांनी नेट मीटरिंगची घडी बसवली. महिन्याची जादा युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात आणि मार्चअखेरीस उरलेल्यांचा हिशेब ठरलेल्या, पण आपण मोजतो त्यापेक्षा कमी दराने होतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून "वीज विकून कमवू" या भरवशावर राहू नये. स्थिर आकार तर दर महिन्याला लागतोच. निव्वळ युनिट शून्य झाले तरी बिल शून्य होत नाही.

रात्रीचाही विचार करावा. आज पंच्याहत्तर वॅटचा जुना पंखा काढून तीस-पस्तीस वॅटचा नवा लावला, तर तो दिवसा आणि रात्री, मे महिन्यात आणि भर पावसातही वाचवतो. वाचवलेले युनिट चोवीस तासांचे असते, पॅनेलचे युनिट उन्हाच्या वेळेचेच. म्हणून आधी पंखे, दिवे, डीप फ्रीजरचे रबर, तापणारा पत्रा यांची दुरुस्ती करावी, सहा महिने बिल पाहावे आणि मग पॅनेल किती लागतात ते ठरवावे. दहा किलोवॅटची गरज त्यामुळे सात-आठवर आली, तर आजच्या किलोवॅटला पन्नास-साठ हजारांच्या भावाने लाखभर रुपये तिथेच वाचतात.

लाकडाची भट्टी आणि विजेची भट्टी

बेकरीवाल्या बंधूंसाठी दोन शब्द. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ज्यांनी विजेची भट्टी निवडली, त्यांच्या विजेच्या निर्देशांकाने एकदम उडी मारली असणार. पण म्हणून बेकरी उधळी झाली काय? एक किलो कोरड्या लाकडात साधारण चार युनिटांइतकी उष्णता असते. रोज शंभर किलो लाकूड जाळणारी भट्टी चारशे युनिटांइतकी उष्णता खात होती, फक्त ती कोणत्याही मीटरवर चढत नव्हती. विजेची भट्टी तेच काम पुष्कळ कमी युनिटांत करते. तेव्हा जुन्या आणि नव्या वर्षाची तुलना करताना इंधनही युनिटांत मांडावे, नाहीतर चांगले काम करणाराच वहीत दोषी ठरेल. आणि हेही लक्षात असू द्यावे की दहा किलोवॅटची पॅनेल दिवसाला चाळीस युनिटांच्या आसपास देतात. भट्टी पहाटे पेटते, ऊन नंतर येते.

कारागिरांचे काम

वायरमन, फॅब्रिकेटर, एसी मेकॅनिक या बंधूंना या धंद्यात जागा आहे. वर्सोव्याची हवा खारी आहे, साधे लोखंड इथे दोन पावसाळ्यांत गंजते. म्हणून सांगाडा गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा, नट-बोल्ट स्टेनलेसचे, आणि पॅनेल खाऱ्या हवेची चाचणी झालेली असावीत. कोळीवाड्याजवळ पक्ष्यांचा उपद्रव फार, तेव्हा पॅनेल धुण्याची सोय आधीच करावी. मळलेले पॅनेल निर्मिती कमी करते आणि हिशेबात दोष मात्र ढगांना लागतो. वीज जोडणीचे काम परवानाधारक कंत्राटदारामार्फतच व्हावे.

याहून मोठी गोष्ट विश्वासाची आहे. जो कारागीर गिऱ्हाइकाला "शून्य करून देतो" असे न सांगता "तुमचा वापर इतका, छपरातून मिळेल इतके, त्यातले तुमच्या कामी येईल इतके" असे कागदावर लिहून देईल, त्याचे नाव गल्लीत टिकेल. मापात पाप करणारा एकदाच माल विकतो.

वहीत चार रकाने

शेवटी आम्ही आमच्या वाचकांना एवढेच सुचवतो. दर महिन्याच्या एक तारखेला वहीत चार आकडे लिहावेत:

१. कंपनीकडून आलेली युनिटे.
२. कंपनीकडे गेलेली युनिटे.
३. पॅनेलची निर्मिती.
४. लाकूड, गॅस किंवा डिझेल वापरले असल्यास किती.

पहिल्या तिनांवरून खरा वापर निघतो, तो वेगळ्या रकान्यात लिहावा. निर्मिती वाढली आणि वापर तेवढाच राहिला, तर समजावे पॅनेल चांगली चालली, घर सुधारले नाही. बिल घटले पण वापर वाढला, तर समजावे की ऊन आपली उधळपट्टी झाकत आहे, आणि पहिल्या लांबलेल्या पावसाळ्यात ती उघडी पडेल. दोन्ही आकडे खाली आले, तर मात्र निःशंकपणे पाटी लावावी. छपरावरची वीज ही मिळकत आहे. ती जमेच्या बाजूला लिहावी आणि खर्चाची बाजू रोज तपासत राहावी.